आजीनं गप्प बसायचं का?

परवा ऑफिसातून येताना लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचा शेजारी भेटला. "काय भाऊ, आज उशीर?" "अहो, विरार लोकल, दुसरं काय!" असं नेहमीचं झालं. सहावा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, पण हा काही उतरला नाही. माझ्याबरोबर आठव्यापर्यंत आला आणि पॅसेजमध्ये उभं राहून हळूच म्हणाला, "भाऊ, तुमच्या मुलाला लहानपणी ती स्पीच थेरपी होती ना? आमच्या बेबीला आता सव्वादोन वर्षं झाली. 'मम्मा' आणि 'पानी', बस. कोणी चांगली थेरपिस्ट माहीत असेल तर नंबर द्या ना."

नंबर द्यायला अर्धा मिनिट पुरला असता. पण सौ.नं दार उघडून "आत तरी या" म्हणेपर्यंत आम्ही पाऊण तास तिथेच उभे होतो. त्याला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण हे विचारणारा तो पहिला नाही आणि शेवटचाही नसणार. आणि विचारणारे सगळे असेच विचारतात. हळू आवाजात, कोणी ऐकत नाही ना ते बघून. जणू घरात चोरी झालीय आणि चोर आपणच आहोत!

तर आधी आमचं सांगतो.

२०१८ साल. चिरंजीव अडीच वर्षांचे. कळायचं सगळं. "चप्पल आण" म्हटलं की आणायचा, माझा चष्मा कुठे ठेवलाय ते बोटानं दाखवायचा. पण शब्द म्हणाल तर आठ-दहा, तेही फक्त आम्हालाच कळतील असे. छत्रीला 'तत्ती', दुधाला 'दू'. नातेवाइकांकडून सल्ल्यांचा पाऊस. मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता (बाप म्हणजे मी!). वेखंड उगाळून चाटवा. पोपटानं उष्टावलेला पेरू द्या. (भाईंदरमध्ये पोपट कुठे शोधायचा ते मात्र कोणी सांगितलं नाही.)

शेवटी घराजवळच्या एका सेंटरमध्ये गेलो. भिंतीवर कार्टून, जमिनीवर मऊ मॅट, एसी. बाई तरुण होत्या, मराठीच होत्या, बोलायला गोड. त्यांनी मुलाला चित्रांची कार्डं दाखवली. "व्हॉट इज धिस?" मुलगा गप्प. "ये क्या है?" मुलगा गप्प. छत्रीचं कार्ड आलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटला, "तत्ती." ते बाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं तरी लिहिलं नाही. वीस मिनिटांत तपासणी संपली. मग घरी कुठल्या भाषा बोलता ते विचारलं. घरी मराठी, त्यात आजीची मालवणी वळणाची, खाली खेळताना हिंदी, पाळणाघरात इंग्रजी. बाईंनी मान हलवली. "कन्फ्यूज झालाय तो. एकच भाषा ठेवा. पुढे शाळा इंग्लिश मीडियम ना? मग इंग्लिश. नाही जमलं तर निदान हिंदी. मराठी सध्या बंद."

आम्हाला पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. कारण सापडलं म्हणजे उपायही सापडला असं वाटतं माणसाला.

त्या रात्री मी आईला सांगितलं, "आई, काही महिने त्याच्याशी मराठी बोलू नकोस. हिंदी बोल."

माझी आई सावंतवाडीकडची. सातवी शिकलेली. तिचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं आपल्या परीनं सुरू केलं. "बाबू, ये खाव." पण दोन वाक्यांनंतर तिचं हिंदी संपायचं आणि मग ती गप्प बसून भरवायची. चिऊ-काऊ बंद. खिडकीतून दिसणाऱ्या मांजराशी रोजचं भांडण बंद. आंघोळीच्या वेळचं गाणं बंद. तीन आठवड्यांनी सौ.च्या लक्षात आलं की पूर्वी जेवताना तो निदान आवाज तरी काढायचा, हातवारे करायचा, तेही कमी झालंय. ती मला म्हणाली, "आपण भाषा कमी करायला गेलो आणि घरातलं एक माणूस कमी केलं."

ते वाक्य अजून टोचतं मला. कारण सल्ला बाईंचा असला तरी आईला गप्प बसवणारा मी होतो.

पुढचं थोडक्यात. एका डॉक्टर मित्रानं विचारलं, "कान तपासले का?" आम्ही नाहीच तपासले होते, आणि सेंटरमध्येही कोणी विचारलं नव्हतं. मग वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत गेलो. केंद्र सरकारची ही संस्था १९८३ पासून आहे, वाणी आणि श्रवण या विषयातली देशपातळीवरची. भाईंदरहून लोकलनं वांद्रे, पुढे रिक्षा. मुलाचे कान ठीक निघाले. नंतर बोरिवलीत एक थेरपिस्ट मिळाल्या. मल्याळी होत्या, मराठी मोडकंतोडकं. पहिल्या भेटीत त्यांनी मुलाकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघितलं. विचारलं, "दिवसभर याच्याजवळ कोण असतं?" आम्ही म्हटलं, आजी. "मग पुढच्या वेळी आजींना आणा."

आई गेली. बाईंनी तिला सांगितलं, तुम्ही नेहमी बोलता तसंच बोला, फक्त वाक्य छोटं ठेवा, त्याचं तोंड बघून बोला आणि बोलून झालं की थांबा. त्याला वेळ द्या. तो 'तत्ती' म्हणाला तर "चूक" म्हणू नका, "हो, छत्री! लाल छत्री!" म्हणा. माझी आई येताना गाडीत म्हणाली, "हे तर मी करीतच होते, तू बंद केलंस."

असो. चिरंजीव आता चौथीत आहेत. घाईत बोलताना अजून अडखळतात, पण गप्प बसा म्हणायची वेळ आमच्यावर येते. हे आजीमुळे झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. काही मुलं उशिरा बोलू लागतात आणि आपोआप बरोबरीला येतात, तो त्यातलाही असेल. पण त्या तीन आठवड्यांत आम्ही जे केलं ते चुकीचं होतं, एवढं मी नक्की सांगू शकतो.

म्हणून माझं मत असं की मुलासाठी स्पीच थेरपिस्ट निवडताना फी, अंतर, एसी, गूगलवरचे तारे हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न विचारावा: माझ्या घरातल्या भाषेचं तुम्ही काय करणार? जो थेरपिस्ट घरची भाषा बंद करा म्हणतो त्याला नमस्कार करून बाहेर पडावं.

"दोन-तीन भाषांमुळे मूल गोंधळतं" हे ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. पण अभ्यास तसं सांगत नाहीत. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन डब्यांत वाटलेले असतात. एकच डबा उघडून मोजलंत तर ते कमीच दिसणार, दोन्ही मिळून मोजले की हिशेब जुळतो. शेजाऱ्याची मुलगी 'पानी' हिंदीत म्हणते आणि आणखी चार शब्द गुजरातीत म्हणत असेल, तर ते पाच धरायचे. ज्या मुलांना खरोखरच बोलण्याची मोठी अडचण असते त्यांचंही तेच. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा अभ्यास केला, तो २००५ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीबरोबर दुसरी भाषा घेऊन वाढणारी मुलं, केवळ इंग्रजीत वाढणाऱ्या तशाच मुलांपेक्षा इंग्रजीत मागे नव्हती. दुसऱ्या भाषेनं पहिलीचं काही खाल्लं नाही. मग आपल्या बाळाला आजीच्या मराठीनं काय होणार?

काही मुलांच्या बाबतीत थेरपिस्ट म्हणतात की सुरुवात एका भाषेपासून करू. तेही ठीक आहे. पण ती एक भाषा कुठली? ज्या भाषेत घरातली माणसं न अडखळता रागावतात, लाड करतात, गोष्ट सांगतात ती. शाळेच्या फॉर्मवर लिहायची ती नव्हे. शाळेची भाषा शिकवायला शाळा आहे, त्यासाठी फी भरतो आपण!

दुसरं कारण साधं गणिताचं आहे. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास म्हणजे थेरपिस्टकडे मूल आठवड्याला एक तास असतं. अडीच वर्षांचं मूल दिवसाला बारा-तेरा तास जागं असतं असं धरलं तर आठवड्याचे ऐंशी-नव्वद तास होतात. उरलेले सगळे तास ते कोणाजवळ असतं? आईजवळ, आजीजवळ, पाळणाघरातल्या मावशींजवळ. त्या एका तासात मुलाला बोलायला शिकवणारा थेरपिस्ट बरा. पण त्या तासात घरच्यांना शिकवणारा थेरपिस्ट त्याच्या कैकपटीनं चांगला. आणि घरच्यांना शिकवायचं तर घरच्यांच्या भाषेतच काम करावं लागतं, त्याला इलाज नाही.

तिसरं कारण आपल्या मराठीचं. 'चार' माणसं आणि गुरांचा 'चारा' यांतला च वेगळा. सारं 'जग' आणि सुखानं 'जग' यांतला ज वेगळा. लिहिताना एकच अक्षर, बोलताना दोन. ळ आहे, ण आहे. शिवाय 'तो', 'ती' आणि 'ते' अशी तीन लिंगं, मुलगा आला, मुलगी आली, मूल आलं. हिंदी-इंग्रजी कार्डांवर यातलं काही तपासलंच जात नाही. उलटही होतं. आमच्या उत्तनच्या कोळीवाड्यातलं पोर 'पाणी'ला 'पानी' आणि 'डोळा'ला 'डोला' म्हणत असेल तर तो दोष नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. पुस्तकी मराठी घेऊन बसलेला थेरपिस्ट त्यालाही चूक म्हणून खूण करेल आणि सहा महिने ते 'सुधारत' बसेल. म्हणजे नुसता मराठी थेरपिस्ट मिळाला की काम झालं असंही नाही. आमच्या पहिल्या बाई मराठी होत्या आणि मराठी बंद करा म्हणाल्या, दुसऱ्या मल्याळी होत्या आणि त्यांनी आजीला खुर्ची दिली. भाषा येत नसेल तरी चालेल, विचारायची तयारी हवी. "तुमच्यात याला काय म्हणतात?" एवढं विचारणारा माणूस मला पुरतो.

आता भाषेखेरीज काय बघायचं, तेही सांगतो. शेजाऱ्याला सांगितलं त्याच क्रमानं.

एक, आधी कान. मूल टाळी वाजवली की वळून बघतं, टीव्हीची जाहिरात लागली की पळत येतं, म्हणजे ऐकू येतं असं आपण समजतो. काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत असंही असू शकतं. बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी व्हायलाच हवी. ती न विचारता थेट पॅकेज सांगणारा थेरपिस्ट घाईत आहे असं समजा. अली यावर जंगखेरीज मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आहे, तिथल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचं शिक्षण १९६० च्या दशकापासून चालतं. मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, बोटानं काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द हरवले असतील, तर नुसत्या थेरपिस्टवर न थांबता मुलांच्या विकासातले तज्ज्ञ डॉक्टरही गाठावेत, आणि लगेच.

दोन, कागद. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. स्पीच थेरपिस्टला या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असावं लागतं आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. (हजार रुपये! आमच्या तेव्हाच्या दोन सेशनचेही झाले नसते.) म्हणून क्रमांक आपणच विचारावा. या विषयाची पदवी, जिला बीएएसएलपी म्हणतात, चार वर्षांची असते आणि त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एक वर्षाचा डिप्लोमाही असतो, पण तो वेगळा. कोण काय शिकलंय हे विचारण्यात अपमान कसला? फ्रिज घेताना आपण वॉरंटी कार्ड तीनदा वाचतो.

तीन, आत बसू देतात का? "पालक बाहेर थांबा, मूल तुमच्यासमोर काम करत नाही" हे एखाद्या दिवशी खरं असू शकतं. रोजच खरं असेल तर आत काय चाललंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही आणि घरी काय करायचं तेही.

चार, तीन महिन्यांनी काय दिसायला हवं? चांगला थेरपिस्ट हे लिहून देतो. "दोन शब्द जोडायला लागेल", "मागायचं असेल तर ओढण्याऐवजी शब्द किंवा खूण वापरेल" असं काहीतरी, जे आपल्यालाही मोजता येईल. "शंभर टक्के बोलेल, गॅरंटी" म्हणणारा आणि सहा महिन्यांचे पैसे आधी मागणारा, या दोघांपासून लांब राहिलेलं बरं. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो.

पाच, थांबायचं किती? दीड वर्षाचं होऊनही शब्द जवळजवळ नाहीत, किंवा दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, तर तपासून घ्यावं. काही निघालं नाही तर पेढे वाटावेत. "मुलगे उशिरा बोलतात" यात थोडं तथ्य आहे, पण ते काही महिन्यांचं आहे, वर्षांचं नाही. माझी गोष्ट सांगून माझ्या मुलाचे सहा महिने घालवले, ते परत येणार नाहीत.

आता थोडं आमच्या गावाबद्दल. गाव म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो, २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची वस्ती आठ लाखांवर होती. गिरगाव-लालबागच्या चाळींतून आलेले मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तर भारतीय, दाक्षिणात्य, उत्तनचे ख्रिस्ती कोळी. एका मजल्यावर चार दारं आणि चार भाषा. २०२५ मध्ये याच मीरा रोडवर भाषेवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांचा बंद झाला आणि ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. टीव्हीवर चार दिवस आमचंच शहर. ऑफिसात सगळे विचारत होते, "तुमच्याकडे काय चाललंय?"

मारहाण चूकच. पण त्या दिवसांत मला सारखी आठवत होती ती आमची २०१८ ची ती रात्र. माझ्या घरात मराठी बंद करायला कोणी परप्रांतीय आला नव्हता. एक मराठी बाई सांगत होती, एक मराठी बाप ऐकत होता आणि एक मराठी आजी गप्प बसत होती. दुकानाच्या पाटीवरची भाषा आपल्याला दिसते म्हणून तिच्यासाठी भांडता येतं. घास भरवताना बंद पडलेली भाषा कोणाला दिसतच नाही.

आणि हे फक्त मराठीचं आहे असंही नाही. पॅसेजमध्ये उभा असलेला माझा शेजारी गुजराती. त्यालाही एका सेंटरमध्ये तेच सांगितलं होतं, इंग्लिशच बोला. त्याची आई, म्हणजे बा, गेले दोन महिने नातीशी "कम", "सिट", "ईट" एवढंच बोलतेय. बाकीचा वेळ टीव्ही. मी म्हटलं, "बांना गुजराती बोलू द्या. गोष्टी सांगू द्या, ओरडू द्या, काय हवं ते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती रोज विचारते भाऊ, मी परत बोलू का म्हणून. मीच नाही म्हणतो."

मी काय बोलणार? माझ्या आईनं तर विचारलंही नव्हतं.

नंबर दिला मी त्याला शेवटी, बोरिवलीच्या बाईंचा. पण म्हटलं, अपॉइंटमेंट मिळायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर कानाची तपासणी उरकून घ्या, आणि बांना आज रात्रीच सांगा. त्याला अपॉइंटमेंट लागत नाही.

बघा, पटतंय का.